प्रशिक्षण संपले, पण पडताळणी रखडली: जवानाने आणि घरच्यांनी काय करावे

लष्करातील कामाचे प्रशिक्षण पूर्ण होते, कसम परेड होते, बरोबरीच्या मुलांच्या बदल्यांचे आदेश निघतात आणि एखाद्याच जवानाचे नाव चारित्र्य पडताळणी, म्हणजे त्याच्या पूर्वचारित्र्याबाबतचा पोलीस अहवाल, आली नाही म्हणून मागे राहते. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारखी गावे असलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसे पाठवणाऱ्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात अशी बातमी लपून राहत नाही. चार दिवसांत पारावर चर्चा सुरू होते, आणि घरचे लोक घाबरून ज्याची ओळख लागेल त्याच्याकडे धाव घेतात. म्हणून सर्वात आधी हे नीट समजून घ्यावे की पडताळणी रखडणे म्हणजे नकार मिळणे नव्हे. नकार द्यायचा असेल तर तो लेखी येतो आणि त्यावर बाजू मांडण्याचे मार्ग असतात. रखडलेली पडताळणी म्हणजे कुठल्या तरी टेबलावर थांबलेला कागद, आणि तो कोणत्या टेबलावर थांबला आहे हे शांतपणे शोधून काढणे एवढेच पहिले काम असते.

त्यासाठी कागदाचा प्रवास माहीत हवा. जवानाने भरतीच्या वेळी दिलेल्या माहितीवरून पडताळणीचा अर्ज तयार होतो आणि तो लष्कराकडून त्याच्या जिल्ह्यातील प्रशासनाकडे, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक यांच्याकडे, येतो. अधीक्षक कार्यालयातील जिल्हा विशेष शाखा तो संबंधित पोलीस ठाण्याकडे पाठवते. ठाण्यातील गोपनीय विभागाचा अंमलदार किंवा त्या गावाचा बीट अंमलदार ठाण्याचे अभिलेख आणि सीसीटीएनएस या संगणकीय प्रणालीतील नोंदी तपासतो, गावात येऊन घरच्यांना भेटतो, पोलीस पाटील आणि शेजाऱ्यांकडे चौकशी करतो आणि अहवाल देतो. हा अहवाल आल्या वाटेनेच परत जातो. संदेशवहन, गुप्तवार्ता किंवा सांकेतिक संदेशांसारख्या संवेदनशील कामाचे प्रशिक्षण घेतलेल्यांची यापुढे आणखी खोल छाननी होते. ती कशी चालते हे विचारण्याच्या भानगडीत जवानाने किंवा घरच्यांनी पडू नये. आपल्या हातात जे असते ते जिल्ह्याच्या टप्प्यावरच असते.

कागद कुठे अडतो

माझ्या मते निम्मी दुखणी पत्त्याची असतात. शिरोळ आणि हातकणंगले भागात कितीतरी कुटुंबे गावठाणातले घर बंद ठेवून मळ्यात राहतात. अर्जावर पत्ता गावठाणातला असतो, अंमलदार येतो, कुलूप पाहतो, शेजारी 'ते मळ्यात असतात' एवढेच सांगतो आणि भेट पुढच्या फेरीवर जाते. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या तालुक्यांत वाड्यांचा प्रश्न असतो: आधार कार्डावर मूळ गावाचे नाव, शाळेच्या दाखल्यावर वाडीचे नाव आणि ग्रामपंचायत तिसऱ्याच गावाच्या नावाने. पंचगंगेच्या काठावर आणखी वेगळे. प्रयाग चिखलीसारख्या गावांतील लोक पूर आला की सोनतळीला जातात, आणि पडताळणी नेमकी पावसाळ्यात आली तर घरी कोणीच सापडत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत ज्यांची मूळ कागदपत्रे भिजून गेली त्यांनी दुय्यम प्रती अजून काढल्या नसतील तर आता काढून ठेवाव्यात.

पोलीस ठाण्याचे नाव चुकणे हेही नेहमीचे आहे. तालुका आणि पोलीस ठाण्याची हद्द एकच असते असे समजून अनेक मुले ठाण्याच्या रकान्यात तालुक्याचे नाव लिहितात. प्रत्यक्षात कागल तालुक्यातील काही गावे मुरगूड ठाण्याकडे आहेत, गडहिंग्लज तालुक्यातील काही नेसरीकडे, पन्हाळा तालुक्यातील काही कोडोलीकडे तर काही कळे ठाण्याकडे, आणि करवीर तालुक्यात गोकुळ शिरगाव, इस्पुर्ली अशी स्वतंत्र ठाणी आहेत. चुकीच्या ठाण्यात गेलेला कागद 'आमच्या हद्दीत नाही' असा शेरा घेऊन अधीक्षक कार्यालयात परततो आणि तिथून पुन्हा निघतो. आपले गाव कोणत्या ठाण्याच्या हद्दीत आहे हे पोलीस पाटील एका वाक्यात सांगू शकतात. त्यांना विचारून घ्यावे.

सीमाभागातील मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी भरावयाच्या साक्षांकन नमुन्यात मागील पाच वर्षांत सलग एक वर्षाहून अधिक काळ जिथे जिथे वास्तव्य झाले त्या सर्व ठिकाणांची माहिती मागितलेली असते. कागल, गडहिंग्लज किंवा चंदगडचा मुलगा निपाणीला किंवा बेळगावला खोली घेऊन शिकला असेल, तर त्या जिल्ह्याच्या पोलिसांकडेही विचारणा जाऊ शकते, आणि तिथला अहवाल येईपर्यंत कोल्हापूरचा अहवाल आलेला असूनही उपयोग होत नाही. पुण्यात, गोव्यात कंपनीत काम केलेल्यांचेही तसेच. अशा वेळी घरमालकाचे नाव, पत्ता आणि फोन नंबर, भाडेकराराची किंवा वसतिगृहाच्या पावतीची प्रत, महाविद्यालयाचा बोनाफाईड दाखला हे सारे तयार ठेवावे आणि जुन्या घरमालकाला आधी फोन करून कल्पना द्यावी. पोलीस दारात आल्यावर 'असा कोणी इथे राहतच नव्हता' असे घाबरून सांगणारे घरमालक असतात.

नावांचा घोळ हा आपल्याकडचा खास प्रश्न. वडिलांचे नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आनंदा, आधारवर आनंद आणि सातबाऱ्यावर आनंदराव असते. गावात घरटी एक पाटील, त्यात नाव आणि वडिलांचे नावही जुळणारे दोघे निघतात, आणि दुसऱ्यावर मारामारीचा गुन्हा असेल तर त्याची नोंद आपल्या मुलाच्या नावापुढे येऊन उभी राहते. पहिल्या प्रकारात दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. दुसऱ्या प्रकारात जन्मतारीख, आईचे नाव, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला दाखवून हा मुलगा तो नव्हे असे ठाण्याला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. मात्र पडताळणी चालू असताना कंपनी ऑफिसला, म्हणजे जवानाच्या लष्करी तुकडीच्या कार्यालयाला, न सांगता आधारवरील नाव किंवा पत्ता बदलायला जाऊ नये. हेतू चांगला असला तरी अर्जावरील माहिती आणि नवे कागद जुळेनासे होतात आणि विनाकारण नवा प्रश्न उभा राहतो.

याखेरीज केवळ कामाच्या ओझ्यामुळेही उशीर होतो. जोतिबाची चैत्र यात्रा, गणेशोत्सव, निवडणुका या काळात ठाण्यातील बहुतेक मनुष्यबळ बंदोबस्तात असते.

गुन्हा, चॅप्टर केस आणि आंदोलनाचे खटले

या भागात घाई करू नये, कारण मुलाचे भवितव्य खऱ्या अर्थाने इथेच ठरते. घरातील एखाद्या जाणत्या माणसाने मुलाशी निवांत बोलून, त्याच्यावर कधी काही कारवाई झाली होती का, हे न रागावता विचारून घ्यावे. गणपतीच्या मिरवणुकीतील भांडण, ग्रामपंचायत निवडणुकीनंतरची बाचाबाची, ऊसदराच्या आंदोलनातील रास्ता रोको, यांत नाव आलेली मुले आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत, आणि पुढे काही झाले नाही म्हणून ती गोष्ट विसरूनही जातात.

अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, ज्याला आपण एन.सी. म्हणतो, आणि प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एन.सी.मध्ये न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करीत नाहीत. त्याहून गोंधळाची गोष्ट म्हणजे चॅप्टर केस. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली शांतता राखण्यासाठी बंधपत्र घेतले जाते. ही शिक्षा नव्हे, ती प्रतिबंधक कारवाई आहे. तरीही साक्षांकन नमुन्यात अटक, खटला, स्थानबद्धता, दंड आणि शिक्षा यांच्याबरोबर बंधपत्राबाबतही स्पष्ट प्रश्न असतो. तहसील कार्यालयात जाऊन सही करून आलो, त्यात काय एवढे, असे मनाशी म्हणत तिथे 'नाही' लिहिणे हे खोटे उत्तर ठरते.

आंदोलनाच्या खटल्यांबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला की खटला संपला असे लोक धरून चालतात. तसे होत नाही. सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करावा लागतो, न्यायालयाची संमती लागते, आणि तो आदेश होईपर्यंत खटला नोंदीवर प्रलंबितच राहतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर पक्षकाराचे नाव किंवा एफआयआर क्रमांक टाकून खटल्याची सद्यस्थिती पाहता येते. ती पाहावी, आणि निकाल लागला असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढून ठेवावी. गुन्हा रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जायचे असेल, तर ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाले आहे, त्यामुळे मुंबईची वारी आणि खर्च वाचतो.

आता सर्वात महत्त्वाचे. गुन्हा होता हे कळल्याने जेवढे नुकसान होते त्याहून अधिक तो लपवल्याने होते. लष्कर अधिनियम १९५० च्या कलम ४४ नुसार भरतीच्या नमुन्यातील प्रश्नाला जाणूनबुजून खोटे उत्तर देणे हा अपराध असून त्याला पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. दुसऱ्या बाजूला, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात दिलेला निर्णय प्रत्येक पालकाने समजून घ्यावा असा आहे. माहिती खरी दिली पाहिजे, हे त्यात ठामपणे सांगितले आहे. पण लहान वयात घोषणा देण्यासारख्या किरकोळ प्रकरणाची माहिती राहून गेली असेल तर नियुक्ती करणारा अधिकारी ती चूक क्षम्य मानू शकतो, आणि जे नमुन्यात विचारलेलेच नाही ते लपवले असा ठपका ठेवता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. त्याच वेळी, खरी माहिती दिल्यानंतरही पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा नियोक्त्याचा अधिकार कायम राहतो, म्हणजे सांगितले की सुटलो असे नाही. अठरा वर्षांखालील वयात घडलेल्या गोष्टीला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ चे संरक्षण आहे; अशा प्रकरणात काय आणि कसे लिहायचे ते वकिलाला विचारूनच ठरवावे.

नमुना भरताना एखादी गोष्ट राहून गेली असेल, किंवा भरल्यानंतर काही घडले असेल, तर जवानाने आपल्या कंपनी कमांडरला ती लेखी कळवावी. पडताळणीत ती बाहेर येण्याआधी कळवणे आणि नंतर खुलासा देत बसणे यांत मोठा फरक आहे.

चौकशी कोणी, कुठे आणि कशी करावी

जवानाने आपल्या बाजूची चौकशी कंपनी ऑफिसमधूनच करावी. हवालदार मेजरमार्फत रीतसर भेट मागावी आणि दोनच प्रश्न विचारावेत: पडताळणीचा अर्ज कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने, कोणाकडे पाठवला, आणि त्यानंतर स्मरणपत्र गेले आहे का. हे उत्तर मिळाले की ते घरी कळवावे. क्रमांक आणि तारीख हातात नसताना घरच्यांनी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवण्यात अर्थ नाही. आवक नोंदवहीत शोधणारा कर्मचारी तेच आधी विचारतो.

घरच्यांनी प्रथम स्थानिक पोलीस ठाण्यात जाऊन गोपनीय विभागाच्या अंमलदाराला भेटावे आणि कागद आला आहे का ते विचारावे. तिथे आला नसेल तर कसबा बावडा रस्त्यावरील पोलीस अधीक्षक कार्यालयातील जिल्हा विशेष शाखेत विचारावे, आणि कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे आला असेल तर नागाळा पार्कातील जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात. तोंडी विचारपूस झाल्यावर एक साधा अर्ज द्यावा. अर्ज लांबलचक नसावा, त्यात गरिबीचे किंवा पिढीजात देशसेवेचे वर्णन नसावे, तक्रारीचा सूर नसावा. पुढील मजकूर पुरेसा आहे:

'मा. पोलीस अधीक्षक साहेब, कोल्हापूर यांस. विषय: सैन्यातील जवानाच्या चारित्र्य पडताळणी अहवालाबाबत. महोदय, माझा मुलगा (पूर्ण नाव, जन्मतारीख) हा सैन्यात भरती होऊन त्याचे प्रशिक्षण पूर्ण झाले आहे. त्याच्या पडताळणीचा अर्ज जावक क्रमांक … दिनांक … अन्वये आपल्या कार्यालयाकडे पाठविण्यात आल्याचे समजते. आमचे गाव … हे … पोलीस ठाण्याच्या हद्दीत असून आम्ही सध्या … येथे मळ्यात राहतो. घरी भेटण्यासाठी संपर्क क्रमांक … असा आहे. तरी सदर अर्जाची सद्यस्थिती कळवावी, ही विनंती. सोबत आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि रहिवासी दाखला यांच्या प्रती जोडल्या आहेत.'

दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सहीसह पोच घ्यावी. नाव किंवा पत्ता यांतील फरकाबाबत काही सांगायचे असेल तर ते याच अर्जात एका वाक्यात सांगावे. बऱ्याच दिवसांनीही उत्तर आले नाही तर त्या पोचीचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्यावे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली अर्ज कोणत्या तारखेला आला आणि कोणत्या तारखेला पुढे गेला एवढे विचारता येते आणि त्याला ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. चौकशी अहवालातील मजकूर मात्र मागू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय माजी सैनिक आणि सैनिकांच्या कुटुंबांसाठी आहे. पत्रव्यवहार कसा करावा याचे मार्गदर्शन तिथे घ्यावे. गावातील निवृत्त सुभेदार साहेबांचा सल्लाही जरूर घ्यावा, परंतु त्यांनी ओळखीने प्रशिक्षण केंद्रात फोन लावू नये. आमदार-खासदारांच्या शिफारशीचे पत्र तर मुळीच जोडू नये. पडताळणीच्या कामी बाहेरचा दबाव आणलेला फौजेत चांगला दिसत नाही, आणि त्याचा भार शेवटी जवानावरच पडतो.

अंमलदार घरी येईल त्या दिवशी मुलाचे मूळ कागद एका पिशवीत असावेत, घरात त्याच्याबद्दल नेमकी माहिती सांगणारे मोठे माणूस असावे, आणि जे विचारले जाईल त्याचे सरळ उत्तर द्यावे. भाऊबंदकीत वाद असेल आणि कोणी वाकडे सांगेल अशी भीती असेल, तर ती जमिनीची केस दिवाणी आहे हे कागदासह आपणच सांगून टाकावे. चहा द्यावा, पाहुणचार तेवढाच. खात्याकडून आलेल्या पडताळणीसाठी कोणी घरी पैसे मागितले तर ती लाच आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक त्यासाठीच आहे. 'तुमच्या मुलाची फाईल अडकली आहे, एवढी रक्कम पाठवा' असे फोन येऊ लागले आहेत, आणि मुलाचे नाव, केंद्राचे नाव बरोबर सांगितल्यामुळे आईवडील फसतात. असे पैसे गेले तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे.

थांबण्याच्या काळात जवानाने

प्रशिक्षण केंद्रात थांबून असेल तर मिळेल ते काम मन लावून करावे, ज्या कामाचे शिक्षण घेतले त्याच्या वह्या रोज चाळाव्यात, धावणे सोडू नये. रजेवर घरी आला असेल तर रंकाळ्यावर किंवा शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात पहाटे धावणारी पुष्कळ मुले भेटतील, त्यांच्यात मिसळावे. पण गणवेशातील फोटो, केंद्राचे नाव, कोणत्या कामाचे प्रशिक्षण झाले, पडताळणी कुठे अडली, यांतले काहीही समाजमाध्यमांवर लिहू नये. बदली अडलेला, मनातून खचलेला तरुण जवान अनोळखी प्रोफाइलवरून गोड बोलणाऱ्यांना सहज सापडतो, आणि शासकीय गुपिते अधिनियम १९२३ त्यालाही तितकाच लागू आहे. रजा संपण्याच्या तारखेआधी हजर होणे, पत्ता किंवा फोन बदलल्यास कळवणे, आणि या काळात कुठल्याही मोर्चात, मिरवणुकीच्या भांडणात न सापडणे, हे त्याच्याच हातात आहे.

घरच्यांनी त्याला रोज फोन करून 'काय झाले' असे विचारू नये. नवीन काही कळले तर तो स्वतःच सांगेल. पाहुण्यांना 'कागद चालू आहेत' एवढे उत्तर पुरते.

प्रतिकूल अहवाल आला तर

कारणे दाखवा नोटीस आली तर तिची प्रत, मिळाल्याची तारीख आणि उत्तराची मुदत आधी लिहून घ्यावी, आणि सेवाविषयक खटले चालवणाऱ्या वकिलाला ती दाखवावी. उत्तर मुद्द्याला धरून, कागदांसह आणि मुदतीत द्यावे. लष्कर अधिनियमाच्या कलम २६ नुसार अधिकारी नसलेल्या जवानालाही आपल्यावरील अन्यायाबद्दल वरिष्ठांकडे दाद मागता येते, आणि त्यानंतरही निर्णय विरुद्ध गेला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज करता येतो. आधी खात्यातील दाद मागितलेली असणे अपेक्षित असते आणि अंतिम आदेशापासून साधारण सहा महिन्यांची मुदत असते. संरक्षण खात्यातील नागरी पदावर निवड झालेल्यांसाठी हा मार्ग नाही. त्यांना केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे लागते. कोणत्याही ठिकाणी सर्वात आधी विचारले जाईल ते हेच: नमुन्यात काय लिहिले होते आणि केव्हा कळवले. त्यामुळे भरलेल्या नमुन्याची, दिलेल्या प्रत्येक अर्जाची आणि मिळालेल्या प्रत्येक पोचेची एक प्रत घरी आणि एक जवानाजवळ ठेवावी.